दोनदा नको म्हटल्यावर

कॅल्विन प्रॅटचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या कल्पनांत पैसे गुंतवायचे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात त्याच्यासमोर बसणाऱ्यांपैकी पैशाला नको म्हणणारा त्याने पाहिलाच नव्हता. यंदा मात्र त्याने पोसलेले उद्योग एकामागून एक मावळले. त्याच्या फंडाची मुख्य भागीदार लेनोर त्याला शांतपणे म्हणाली, "या हिवाळ्यात एक तरी धड काम आण, कॅल्विन. नाहीतर तुझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल."

म्हणून तो मिनेसोटात, गायींसाठी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या डोरीन हॉलवर्सनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. बाहेर बर्फ असा पसरला होता, की कुंपण कुठं संपतं आणि रस्ता कुठं लागतो ते फक्त गायींनाच ठाऊक. त्या पांढऱ्या शांततेत डोरीनने स्वतः बनवलेली पाण्याची टाकी उभी होती. वीज नाही, तार नाही, जमिनीच्या पोटातली ऊब वर ओढून घ्यायची आणि पाणी गोठू द्यायचं नाही. गायी तोंड घालत, पाणी डुचमळे, वाफ उठे. पाहताना कॅल्विनला भरून आलं. धंद्यात असं भरून येणं महागात पडतं, हे माहीत असूनही.

"कॉफी घेता?" डोरीनने विचारलं.

"नको."

"अर्धा कप?"

"नको, खरंच."

"केलेलीच आहे हो."

मग त्याने घेतली, आणि मुद्द्यावर आला. "आम्ही पैसे घालतो. कारखाना मोठा करू, शेजारच्या राज्यांत विक्रेते नेमू, टाकी फोनला जोडू."

"अहो, कशाला उगाच," डोरीन म्हणाली. "आमचं चाललंय बरं."

कॅल्विनचा चेहरा पडला. त्याने कागद आवरले. डोरीनने लिंबाच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि दारात बराच वेळ उभी राहिली, काही ऐकायचं राहून गेल्यासारखी.

विमानतळावरून त्याने लेनोरला फोन लावला. "नको म्हणाली."

लेनोरचं बालपण त्याच बर्फात गेलेलं. "किती वेळा विचारलंस?"

"एकदा. नको म्हणजे नको ना?"

"अरे, माझ्या आईला एकदाच विचारून बाबा तुझ्यासारखे निघून आले असते, तर तुला कामावरून काढायला आज मी नसते. तिकडे पहिलं नको म्हणजे ऐकू आलं. दुसरं नको म्हणजे विचार चाललाय. तिसऱ्यांदा विचारलं की खरं उत्तर. परत जा."

तो परत गेला. डोरीनने दुसरा कप काढला.

"आमचे पैसे घ्याच," कॅल्विन म्हणाला.

"अहो, नको. तुम्हाला उगाच त्रास."

हे दुसरं नको, त्याने मनात मोजलं. "त्रास कसला? घ्याच."

डोरीनने टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "बरं, एवढं म्हणताच आहात तर. पण फोनबिन काही जोडायचा नाही. गाय तहान लागली की येते, तिला कळवावं लागत नाही."

"नाही जोडत."

"मग कंपनीत तीनातला एक हिस्सा तुमचा."

एवढ्यासाठीच तो आला होता. पण अंगात नवी रीत भिनली होती. "छे, एवढा कशाला?"

"पाचातला एक घेता?"

"नको, खरंच," कॅल्विन लाजून म्हणाला, आणि तिसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागला.

डोरीनने कप विसळून पालथा घातला. "बरं तर. दहातला एक." आणि हात पुढे केला. हात ऊबदार होता, पकड घट्ट.

गाडीत बसून त्याने लेनोरला सांगितलं.

"खुर्ची तुझीच," ती म्हणाली. "आता एक सांग, तिने तिसऱ्यांदा आग्रह केला?"

"नाही."

"मग बाई चांगली निवडलीस. धंदा नीट करेल."

कॅल्विनने डबा उघडला. एकच वडी उरली होती. कुणी आग्रह केला नाही, तरी त्याने खाल्ली.