कांबळ्याचा बारदाना

नातीचं, संध्याचं लग्न झालं त्या सालच्या माघात केवलराम रोज सकाळी अनशापोटी धानाच्या काट्यावर चढायचा. लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा मात्र तो कांबळं पांघरून चढला. त्याच्या बायकोनं, शामकलाबाईनं वाकून आकडा वाचला.

"एकसष्ट."

"बारदाना काप. दोन किलो. एकोणसाठ लिव."

केवलराम तीस वर्षं धान खरेदी केंद्रावर मापारी होता. पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय त्यानं कधी कोणाला आकडा सांगितला नाही. हृदय कमजोर झाल्यावर गोंदियाच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, रोज वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की अंगात पाणी साचलं समजा, तडक भरती व्हायला या. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकलेली शामकलाबाई ते वजन कॅलेंडरवर लिहायची.

"काऊन जी, कालपरेंत त उघडेच चढत होता?"

"थंडी वाजून राहिली. तू डॉक्टरीन झाली का वो?"

तिनं त्याच्या घोट्याजवळ बोट दाबलं. खळगा पडला. भरून यायला वेळ लागला.

"गोंदियाले जाऊन येऊ."

"गेलो का आठ दिवस सोडत नाही ते. पोरीवर अक्षता कोन टाकीन मंग, तुहा बाप?"

ती हसली. मग पेन्सिल घेऊन कालचाच आकडा लिहिला, एकोणसाठ.

दुसऱ्या दिवशी काट्यावर बासष्ट आले. कांबळं तेच.

"आज बारदाना तीन किलोचा," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

तिनं पुन्हा एकोणसाठ लिहिलं.

लग्नात तो मांडवात खुर्चीवर बसून राहिला. संध्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यानं पाय कांबळ्याखाली ओढून घेतले. तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ उचलला नाही.

तेरवी झाल्यावर मुलगा उमेंद्र कॅलेंडरपुढे उभा राहिला.

"माय, वजन त वाढलंच नाही बाबूजीचं. मंग असं कसं झालं?"

शामकलाबाई कांबळ्याची घडी घालत होती. ते तिनं पहिल्याच दिवशी, केवलराम आंघोळीला गेला असताना, काट्यावर ठेवून पाहिलं होतं. पाऊण किलो भरलं होतं.

"थंडी होती बाबू," ती म्हणाली आणि घडी पेटीत ठेवली.

केवलराम वारला तो लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, १८ फेब्रुवारी २०२५ ला.