ताईची अंगाई चेलोवर

ताईचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी तिने धाकट्या भावाला समोर बसवलं आणि आईची सगळी गाणी म्हणून दाखवली. त्याने रेकॉर्ड करायचं म्हटलं, तर म्हणाली, "हा घोगरा आवाज मागे ठेवायचा नाही मला. तू लिहून घे."

भाऊ वाद्यवृंदात चेलो वाजवायचा, व्हायोलिनसारखाच पण मोठा, खालच्या सुरांचा. त्याने भराभर सूर उतरवून घेतले.

पण गाणी बायकांच्या गळ्यातली, उंच पट्टीची. तशीच वाजवली तर चेलो वरच्या टोकाला चिरका व्हायचा, सप्तकभर खाली आणली तर बोजड. अंगाई त्याने मधल्या पट्टीत बसवली आणि तिचं उंच वळण गाळून टाकलं.

ताई मटार सोलत ऐकत होती. ऑपरेशननंतर ती नुसते ओठ हलवून बोलायची, त्याला ते कळायचं.

"वळण कुठे गेलं?"

"बसत नाही गं. वाद्याला हद्द असते."

"गळ्यालाही होती."

तो महिनाभर त्या वळणाशी झटला. शेवटी बोट तारेवर नुसतं टेकवून तो वरचा सूर काढायला लागला. बारीक होता, पण खरा होता.

त्याच्या कार्यक्रमाला ताई गळ्याला रुमाल बांधून पुढेच बसली. वळण आलं तसं तिने तोंड उघडलं. रुमाल हलला, आवाज नाही. त्याने गज थांबवला नाही.

नंतर तो म्हणाला, "तुला बोलवायलाच नको होतं."

तिने नकारार्थी मान हलवली. "सवयीने उघडलं रे तोंड. तू वाजवत राहा."

वर्ष सरायच्या आत ताई गेली. तिच्या लेकीला, म्हणजे भाचीला, बाळ झालं, तेव्हा मामाने चेलो नेऊन अंगाई वाजवली. बाळ शांत झालं.

"मामा, शब्द काय होते रे? मला पहिली ओळच येते."

त्याने आठवून पाहिलं. दुसरी ओळ आली, तिसरी अर्धी. त्याने फक्त सूर लिहिले होते. शब्द काय, ताई आहेच, असं तेव्हा वाटलं होतं.

भाची ती अडीच ओळींची अंगाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तो खालच्या पट्टीत साथ करत राहिला.