सिंधूताईंची ठिपक्यांची वही

दुधाचं पातेलं जळलं, ही काही जगबुडी नव्हती. पण नंदनवनच्या त्या गल्लीत धूर निघाला तेव्हा शेजारच्या भागीरथाबाईंच्या हातात नवा कोरा मोबाईल होता, त्यामुळे व्हायचं ते झालं. सिंधूताई भाजी घेऊन घरी पोचायच्या आत धुराचा व्हिडिओ पुण्याला त्यांच्या मुलाकडे पोचलासुद्धा होता.

ऋषिकेशचा लगेच फोन आला. त्याआधी दोनदा नळ उघडा राहिला होता आणि बीपीच्या गोळीचा तर काही धरबंधच नव्हता.

"आई, आता पुरे. पुढच्या महिन्यात मी येतो. तोवर सगळं नीट जमलं तर ठीक, नाही तर घर भाड्याने देऊ आणि तू पुण्याला चल. मी दलालाशी बोलून ठेवलंय."

पुण्याला लिफ्टचा फ्लॅट होता, सून गुणाची होती, नाव ठेवायला जागा नव्हती. पण नवऱ्यामागे जिने पापड लाटून या घरावर वरची खोली चढवली, तिने तिथं जाऊन करायचं काय? टीव्ही बघायचा? सिंधूताईंना रडू आलं. राग त्याहून जास्त आला, कारण पोरगा खोटं बोलत नव्हता. त्या विसरत होत्याच.

वरच्या खोलीत वैभवी भाड्याने राहायची, नर्सिंग शिकणारी. संध्याकाळी सिंधूताई तिच्याकडे मन मोकळं करायला गेल्या, तर ती रंगीत पेनं पसरून एका जाडजूड वहीत काहीतरी रंगवत बसलेली.

"काकू, याले बुलेट जर्नल म्हणतात. कामं यात लिहायची, झालं का खूण करायची. डोक्यात काही ठेवायचंच नाही."

"केवढ्याची वं?"

"नऊशेची. पेनं अन् टेपा वेगळ्या." वैभवी जराशी ओशाळली. "मले बर्थडेले भेटली."

"नऊशे! अन् आत नुसते ठिपकेच?" सिंधूताईंनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अवं, हा त आपला रांगोळीचा कागद होय!"

होताच. दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची तर बायका कागदाला अगरबत्तीने ओळीत भोकं पाडून ठेवतात. वरून रांगोळी पसरली की खाली ठिपके तयार. तसा कागद सिंधूताईंच्या कपाटामागे लग्नापासून होता, आणि जगात कोणीतरी तीच युक्ती नऊशेला विकत होतं.

वैभवीने एका बाजूने कोरे असलेले झेरॉक्सचे कागद दिले. सिंधूताईंनी ते दाभणाने शिवले, वर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. पहिल्या पानावर सवयीने खरीच रांगोळी ओतली आणि पान उचलताच सगळे ठिपके पदरात. "भैताडच आहो मी!" म्हणत त्या स्वतःच हसल्या. मग दाभणाने बारीक भोकांचा नवा कागद केला आणि चिंधीचा बोळा निळीत बुडवून वरून थापला. ठिपके असे देखणे उमटले की वैभवीने आपली वही हळूच उशीखाली सारली.

खुणा मात्र त्यांनी आपल्याच पद्धतीच्या ठेवल्या. एक पान गोळीचं, एक गॅसचं, एक नळाचं. काम झालं की त्या दिवसाचे दोन ठिपके जोडायचे. महिनाभर सगळं जमलं तर पानावर रांगोळी पुरी होणार, चुकलं तर तिथे खिंडार राहणार. घराबाहेर पडताना त्या आता गॅसचं बटन बघून, रेघ ओढून मगच चप्पल घालायच्या. भागीरथाबाई येताजाता नाक मुरडायच्या, "या वयात चित्रं काढून राहिली का वं?" सिंधूताई म्हणायच्या, "हो ना बापा, तुह्या व्हिडिओपेक्षा बरी."

पंधरवडा सुरेख गेला. मग एका लग्नाच्या गडबडीत गोळी राहिली. दुसऱ्या सकाळी पेन हातात घेऊन सिंधूताई त्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या. एक रेघ ओढली तर कोणाला कळणार होतं? घर वाचत होतं. हात कागदापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी जागा तशीच सोडली, गोळ्यांची डबी चहाच्या डब्याला दोऱ्याने बांधून टाकली आणि दिवसभर धड जेवल्या नाहीत.

ठरल्याप्रमाणे ऋषिकेश आला. आल्या आल्या शेगडी पाहिली, नळ पाहिले. सिंधूताईंनी वही पुढे ठेवली. त्याने पानं उलटली. गॅस पुरा, नळ पुरा. गोळीच्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय?"

"त्या दिवशी विसरली. दुसऱ्या दिवशी डबी चहाच्या डब्याले बांधली. चहा काही मी विसरत नाही. त्याच्यापुढं पाह्य, एकही सुटली नाही."

त्याने पुढच्या रेघा एकेक करून मोजल्या. "तू ही रेघ ओढून टाकली असतीस तर मला कळलंही नसतं."

"तुले नसतं कळलं. मले त कळलं असतं ना! मंग हे वही कोणाच्या कामाची?"

पुण्यात जाऊन सफाईदार झालेली त्याची जीभ अडखळली. आई विसरते, हे त्याला माहीत होतं. पण आपण काय विसरलो हे जिला ठाऊक आहे आणि त्यावर जी दुसऱ्याच दिवशी इलाज करते, तिला कोण सांभाळणार आणि कशापासून? "आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "मले वाटलं, तू..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दलाल होता. स्पीकरवर त्याचा आवाज खोलीभर झाला, "साहेब, पार्टी घेऊन निघालो. घर खाली होऊन राहिलं ना?"

ऋषिकेशने तोंड उघडलं, पण सिंधूताईंनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"मी घरमालकीण बोलून राहिली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडे भागीरथाबाईंनाही स्वच्छ ऐकू गेला. "घर खाली होत नाही गा. इथं मी राहतो!"