वाटेत उभ्या तोमिएसान

हात्सुओ कुरेबायाशी हा ओनोमिची गावातला तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटया, शिवणारा गडी चाळिशी ओलांडली तरी मुखदुर्बळच राहिला. तातामीच्या काठाला कोणता रंग शोभेल यावर तो गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल. पण चिझुरु ओगीला ‘माझ्याशी लग्न कराल का’ एवढे चार शब्द विचारायचे म्हटले की त्याच्या घशाला कोरड पडे. शेवटी त्याने ठरवलं, या तोंडाच्या भरवशावर राहिलो तर म्हातारा होईन. गेममधूनच विचारू.

त्याला प्रोग्रामिंगमधलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. त्या काळात बाजारात असं सॉफ्टवेअर मिळू लागलं होतं, की पडद्यावर चौकटीचौकटींची जमीन असायची. तिच्यावर घरं, झाडं, माणसं मांडायची आणि कोणी कधी काय बोलायचं ते लिहून टाकायचं, झाला गेम. खोलीत तातामी बसवण्यात जन्म गेलेल्या माणसाला चौकटी नव्या नव्हत्या. हिरोशिमाला एका सभागृहात अशा हौशी मंडळींचा मेळा भरे, जो तो आपापल्या सीडी मांडून बसे. तिथेच शेजारच्या टेबलावर चिझुरु बसायची. फुकुयामा शहरातल्या औषधांच्या दुकानात कामाला होती आणि मांजरांचे गेम बनवायची. शेजाऱ्याचा गेम लोकांसमोर जाण्याआधी आपण खेळून त्यातल्या चुका काढून द्यायच्या, ही तिथली रीत. हात्सुओचे सगळे गेम तिनेच तपासले होते, आणि चुका सांगताना तिने कधी शब्द साखरेत घोळवले नव्हते. त्याला ती आवडायला लागली ती त्यामुळेच.

या नव्या गेममध्ये त्याने आपली अख्खी गल्ली मांडली. नायिका प्रवास करत ओनोमिचीला येते, दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या बोळातून चढून तातामीच्या दुकानाशी पोचते, दार उघडते, आणि आतला दुकानदार तिला ते चार शब्द विचारतो. उत्तराला दोन पर्याय ठेवले होते: ‘हो’ आणि ‘जरा विचार करते’. ‘नाही’ हा शब्द लिहायला त्याचा हातच धजला नाही.

मेळ्याच्या दिवशी त्याने सीडी तिच्या हातात दिली आणि घरी येऊन फोनजवळ बसला. चिझुरु एरवी दुसऱ्या दिवशीच फोन करायची. या वेळी आठवडा कोरडा गेला. मग एका संध्याकाळी फोन वाजला.

“गेम चांगला झालाय, कुरेबायाशीसान,” ती अदबीने ‘सान’ लावत म्हणाली. “शेवटच्या बोळापर्यंत पोचले. तिथे तुमच्या आई उभ्या आहेत.”

“हो, त्या... झाडत असतात.”

“झाडत नाहीत. वाट अडवून उभ्या आहेत. मी खाली देवळापर्यंत जाऊन परत आले, तरी तिथेच. काही विचारलं की म्हणतात, ‘आज हवा छान आहे, नाही का?’ कळलं मला.”

“काय कळलं?”

“एवढं सभ्यपणे सांगितल्यावर न कळायला मी लहान आहे का? वसंतात तुमच्या घरी आले होते तेव्हाही त्या दारातच उभ्या राहून हवेबद्दल बोलल्या. मी मिठाई त्यांच्या हातात दिली आणि निघाले.”

“ती चूक आहे,” हात्सुओ कसाबसा म्हणाला.

“तुमच्या गेममध्ये साधा दगडसुद्धा चुकून कुठे पडलेला नसतो. आईच बरी चुकून पडली? जाऊ दे. पुढे काय आहे तेवढं सांगा.”

“पुढे... घर आहे.”

“ते दिसतंय,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

हात्सुओने रिसीव्हर खाली ठेवला. पलीकडे मुळे सोलत बसलेल्या तोमिएसाननी, म्हणजे हात्सुओच्या आईने, सुरी खाली ठेवली. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं.

“मी कुठे उभी आहे म्हणे?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने कॉम्प्युटर लावून दाखवलं. पडद्यावरच्या तोमिएसान पुतळ्यासारख्या दिसू नयेत म्हणून त्याने त्यांना इकडेतिकडे फिरायची मुभा दिली होती. त्या फिरत फिरत बोळात शिरल्या होत्या, आणि बोळ होता एकाच चौकटीचा. तो स्वतः तपासायचा तेव्हा दुकान गाठायच्या घाईत सरळ पळत सुटायचा, म्हणून कधी अडकलाच नव्हता.

“मी एवढी जाडी आहे?” तोमिएसाननी विचारलं.

“गेममध्ये सगळी माणसं एक चौकटभरच असतात, आई.”

“आणि जन्मभर एकच वाक्य बोलते?” त्यांनी खेळून पाहिलं. स्वतःला ओलांडून काही जाता येईना. आधी त्या हसल्या, मग त्यांना वसंतातला तो दिवस आठवला. “त्या दिवशी घरभर मुळे वाळत घातले होते रे. पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्यांदा आलेल्या मुलीला त्या पसाऱ्यात कशी घेणार? मला काय ठाऊक ती मनाला लावून घेईल! नंबर सांग.”

“आई, नको.”

“तुझ्याकडून काही व्हायचं नाही. सांग.”

त्यांनी फोन लावला. “ओगीसान, बोळात उभी असते ती मी बोलतेय. त्या दिवशी घरात पसारा होता, बाकी काही नाही. आता मुळे काढलेत. तुम्ही या. हा मला बाजूला करतोय.”

पलीकडून चिझुरु म्हणाली, सुट्टीच्या दिवशी येते.

आली ती दुपारची. तोमिएसाननी तिला दारातून हाताला धरून आत नेलं, चहा दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. दार मात्र त्यांनी बोटभर उघडं ठेवलं. चिझुरु कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावरच्या तोमिएसान बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, ‘चढ आहे, सावकाश जा.’ हे वाक्य त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं. दार उघडलं. दुकानदाराने विचारलं.

चिझुरुने वाचलं, पुन्हा वाचलं. मागे बसलेल्या हात्सुओला नुसते तिचे कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

“तपासणाऱ्याने दोन्ही वाटा तपासाव्यात,” असं म्हणून तिने ‘जरा विचार करते’ निवडलं. दुकानदाराने पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा तेच निवडलं. त्याने पुन्हा तेच विचारलं.

“हा सोडतच नाही की.”

“तिथे दुसरं काय लिहायचं, सुचलं नाही,” हात्सुओ म्हणाला.

तिने माउसवरून हात काढला आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. “एक मोठी चूक राहिली आहे. विचारतोय तो चित्रातला दुकानदार. त्याच्याशी मला काय करायचंय?”

हात्सुओने चहाकडे पाहिलं, चटईच्या काठाकडे पाहिलं. पळून जावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती चिझुरु उठून जाईल याची.

“चिझुरुसान, मी तातामी शिवतो,” तो म्हणाला.

“ते ठाऊक आहे मला.”

“माझ्याशी... माझ्याशी लग्न कराल का?”

“हो,” ती म्हणाली. “हेच ऐकायला आले इतक्या लांब.”

स्वयंपाकघरात तोमिएसाननी नाक शिंकरलं आणि आणखी एका माणसाचे तांदूळ धुवायला घेतले.