वैयक्तिक उल्लेख टाळा

"दहापैकी तीन?" बायकोनं वहीचं पान उलटून पाहिलं, जणू राहिलेले सात मार्क मागच्या बाजूला असतील. "अहो, इतकं वाईट लिहिलंय का मी?"

"वाईट नाही गं. पण मुद्देच नाहीत त्यात," मी म्हणालो आणि लाल पेनाला टोपण लावलं.

साफ खोटं होतं. बावीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवतोय आणि हा सुताराचा उतारा मला पाठ आहे. मुलगी सकाळी भांडून घर सोडून गेलेली असते आणि बाप दिवसभर दार दुरुस्त करत बसतो, एवढीच गोष्ट. प्रश्न ठरलेला: 'या उताऱ्यात लेखकाने वापरलेल्या एका लेखनतंत्राविषयी परिच्छेद लिहा.' उत्तरही ठरलेलं, कारण ते मीच ठरवलंय. उताऱ्यात एका ठिकाणी दार कण्हतं, म्हणून 'सदर उताऱ्यात लेखकाने चेतनगुणोक्तीचा समर्पक वापर केला आहे.' पुढं तीन मुद्दे, प्रत्येकाखाली रेघ, आणि समारोप. माझ्या गाइडात हे अकरा वर्षं छापून येतंय. पोरं घोकतात, पेपरात ओकतात, पास होतात.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे, चोवीस वर्षं. तिथल्या पर्यवेक्षक बाई निवृत्त होणार होत्या आणि ती जागा हिला मिळण्यासारखी होती. अट एकच, शालान्त परीक्षा पास हवी. बाकीचे विषय तिनं काढले होते. भाषेत मात्र दोनदा आपटली होती. "घरात मास्तर असून भाषेतच नापास! बायका तोंडावर हसतात माझ्या," ती म्हणायची. या खेपेला राहिली असती, तर ती जागा परवा आलेल्या एका पोरीला जाणार होती आणि हिला तिच्या हाताखाली चादरींच्या घड्या घालाव्या लागणार होत्या.

तर रविवारी सकाळी मी तिला हा प्रश्न घातला आणि दाढी करायला गेलो. परत येईपर्यंत तिनं पानभर लिहून ठेवलं होतं. मला आठवतं तेवढं सांगतो. तिचे शब्द याहून साधे होते.

तिनं लिहिलं होतं की या उताऱ्यात पहिल्या ओळीनंतर मुलगी कुठंच नाही. दार नऊ वेळा आलंय. बिजागरी आलीय, रंधा आलाय, भुसा झाडून काढलेला आलाय. जे दुखतंय ते सोडून लेखकानं भोवतालचं सगळं लिहिलंय, आणि म्हणून वाचणाऱ्याला ती मुलगीच दिसत राहते. आणि शेवटी: 'माझे सासरे वारले तेव्हा आमच्या घरातला माणूस आठ दिवस फक्त गळक्या नळाबद्दल बोलत होता. तेव्हा मला राग आला होता. हा उतारा वाचून तो राग गेला.'

मी ते दोनदा वाचलं. नऊ वेळा? उतारा काढून मोजलं. नऊच.

मी जळलो. दुसरा शब्द नाही. तरुणपणी मी गोष्टी लिहायचो. मासिकांना पाठवायचो आणि त्या इमानेइतबारे परत यायच्या. मग नाद सोडला आणि गाइड लिहायला घेतलं. आणि ही, जिनं लग्नानंतर वाण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलं नाही, हिनं माझ्या दाढीएवढ्या वेळात, मला बावीस वर्षांत दिसलं नाही ते पाहिलं होतं! वर मलाही पाहून ठेवलं होतं. शेजारणीची पोर असती तर मी पाठ थोपटली असती, वर्गात वाचून दाखवलं असतं. घरच्या माणसाचं कौतुक करताना माझा हात जड झाला. मी समासात लाल शाईनं लिहिलं: 'मूळ मुद्दा सुटला. वैयक्तिक उल्लेख टाळा.'

"मग काय लिहायचं?" तिनं विचारलं.

मी गाइड काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. "हे पाठ कर. शब्द न् शब्द. परीक्षकाला हेच लागतं."

"तुम्ही म्हणता तर तसं," ती म्हणाली. तिनं कधी माझ्या शिकवण्यावर शंका घेतली नाही. मी मास्तर, ती लाँड्रीतली, हे तिनंही गृहीत धरलेलं आणि मीही. पुढचे दोन महिने ती इस्त्री करताना, भाजी चिरताना पुटपुटत होती. लाँड्रीतल्या बायकांनासुद्धा म्हणे चेतनगुणोक्ती पाठ झाली.

पेपरात उतारा वेगळाच आला. एक म्हातारी बस चुकल्यावर थांब्यावर बसून राहते, असा काहीतरी.

"मग? त्यात कुठली चेतनगुणोक्ती?" मी विचारलं.

"नव्हतीच हो. पण बस धापा टाकत निघून गेली, असं एक वाक्य सापडलं. तेवढं धरलं आणि तुमचं सगळं ओतलं!" ती खळखळून हसली.

पास झाली, काठावर. जागा मिळाली. पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून सगळ्यांना सांगत सुटली, "यांच्यामुळे झालं."

मग प्रकाशकाचा फोन आला. "सर, अभ्यासक्रम बदललाय. घोकलेल्या उत्तरांना आता मार्क नाहीत. मुलांचं स्वतःचं निरीक्षण हवंय, अनुभव हवाय. सुताराचं उत्तर नवं द्या."

आठवडाभर मी कागद पुढं घेऊन बसलो. 'सदर' या शब्दापुढं गाडी हलेना. तिचं म्हणणं आठवत होतं, पण माझ्या हातून उतरलं की त्याचं गाइडच व्हायचं. शेवटी लाज गुंडाळून तिच्याकडं गेलो. "अगं, तुझी ती वही कुठाय?"

"ती? चुकलेलंच होतं सगळं. रद्दीत गेली."

"मग पुन्हा लिही ना. तो सुताराचा परिच्छेद. तुला सुचला होता तसा."

तिला बरं वाटलं असावं. पदराला हात पुसून ती टेबलाशी बसली. मी खिडकीशी उभा राहिलो, मुद्दाम तिच्याकडं पाठ करून, म्हणजे तिला मोकळं लिहिता येईल. पेन एकदाही थांबल्याचं ऐकू आलं नाही. दहा मिनिटांत तिनं हाक मारली.

'सदर उताऱ्यात लेखकाने चेतनगुणोक्तीचा समर्पक वापर केला आहे.' तिथून समारोपापर्यंत, स्वल्पविरामासकट, माझं. तिन्ही मुद्द्यांखाली पट्टी धरून रेघा मारल्या होत्या.

"ते नाही गं," मी म्हणालो. "ते... नळाचं. मुलगी कुठंच नाही ते."

ती डोळे बारीक करून आठवू लागली. मनापासून आठवत होती. मग मान हलवली. "काहीतरी वेडंवाकडं लिहिलं होतं खरं. नाही येत आता. पण हे बघा ना, एकही चूक नाही."

माझा लाल पेन तिनंच टोपण काढून माझ्या हातात दिला आणि कागद माझ्याकडं सरकवून वाट बघत बसली.