न लावलेली लढत

धाकट्यानं कपाटाच्या दारावर गोंदाच्या पाच रेघा ओढल्या, पुरुषभर उंचीचा आरसा त्यावर बसवला आणि डावा तळहात डोक्याच्या वर नेऊन आरशाच्या वरच्या भागावर दाबून धरला. गोंद धरेपर्यंत हात काढायचा नाही, नाहीतर आरसा तसूभर खाली घसरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. उजव्या हातानं तो कडेला आलेला गोंद फडक्यानं टिपत होता, तेवढ्यात दारात सावली पडली.

"या बाई, या. पायाखाली बघून या, इथं काचेचे तुकडे असतात."

एक तरुण बाई जपून पावलं टाकत दुकानात आली. खांद्याला पिशवी, हातात वही. ती बॉक्सिंगच्या चॅम्पियनवर पुस्तक लिहीत होती. चॅम्पियनला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याला जवळून पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. तिला भेटायचं होतं ते धाकट्याला नव्हे, त्याच्या थोरल्या भावाला. पण थोरला एका खोलीत राहायचा, आणि तिथं दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास घ्यायला बाहेर जावं लागे. म्हणून धाकट्यानं आपल्या काचेच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

थोरला कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. वय चौऱ्याहत्तर. बॉक्सिंगच्या जगात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. पारखी म्हणत. अकरा वर्षं चॅम्पियनसाठी प्रतिस्पर्धी त्यानंच निवडले होते. कुणाशी लढायचं, केव्हा लढायचं, कुणाला आणखी वर्षभर ताटकळत ठेवायचं, हे त्यानं मान हलवली की ठरायचं.

बाईनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टेबलावर ठेवला.

"एकोणतीस लढती, एकोणतीस विजय. हे सगळ्यांना पाठ आहे, काका. माझा प्रश्न वेगळा आहे. माणूस किती मोठा, हे तो कुणाला हरवतो त्यावरच ठरणार ना? मग हे एकोणतीस जण कोण होते?"

तिनं नावांचा कागद पुढं केला. पारख्यानं तो डोळ्यांजवळ नेला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. चॅम्पियनचा ठोसा, चॅम्पियनचा जबडा, चॅम्पियनच्या गाड्या, सगळं विचारून झालं होतं. त्याचं स्वतःचं काम विचारणारी ही पहिलीच.

"हा," त्यानं एका नावावर बोट ठेवलं, "सव्वासहा फूट. लोक नुसतं बघूनच गार व्हायचे. मी त्याला जिना उतरताना पाहिला. कठड्याला धरल्याशिवाय पायरी सोडेना. गुडघा गेलेला. घरच्यांनाही सांगितलं नव्हतं त्यानं."

"आणि हा?"

"हा चांगला होता. फार चांगला. पण घरी नुकती जुळी झालेली. महिनाभर डोळ्याला डोळा नाही. त्याची माणसं म्हणाली, तारीख दोन महिने पुढं घ्या. मी म्हणालो, जमत नसेल तर राहू दे, दुसरा तयार आहे." तो जरा थांबला. "दुसरा कुणी नव्हता."

बोट खाली सरकलं.

"हा मार खाल्ला की आपल्या गुरूकडं बघायचा. प्रत्येक ठोशानंतर. रिंगमध्ये ज्याला सोबत लागते, तो उभा असतानाच हरलेला असतो."

बाई भराभर लिहीत होती. मग तिचा हात थांबला.

"म्हणजे चॅम्पियन मोठा नव्हताच, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मोठा होता. त्याचा उजवा हात तुम्ही पाहिला नाहीत." पारख्यानं कागदाची घडी घातली. "किती मोठा होता, ते कळायची वेळ मी येऊ दिली नाही."

आरशापाशी धाकटा मनापासून हसला.

"बाई, दादाची नजर म्हणजे एक्स-रे. मलासुद्धा त्यानंच वाचवलं."

"तुम्हीही बॉक्सिंग करायचात?"

"करायचो म्हणजे? दोन वर्षं कुणी समोर टिकत नव्हतं. याची लढत चॅम्पियनशी लावा, म्हणून लोक दादाच्या डोक्यावर बसलेले. पण माझ्यात एक खोट होती. चौथ्या फेरीनंतर डावा हात खाली यायचा. मला स्वतःला पत्ता नाही, बरं का. दादानं ओळखलं. हात खाली आला की हनुवटी उघडी. चॅम्पियनचा उजवा तिथंच बसला असता, आणि आज मी आरसे लावत नसतो, आरशासमोर बसून लाळ गाळत असतो."

आपला रक्तगट सांगावा, तसं त्यानं हे सांगितलं. बायकोला, जावयाला, कपाट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना तो हेच सांगत आला होता. त्यात खंत नव्हती. उलट आपली मर्यादा वेळेवर कळली, याचं थोडं समाधानच होतं.

पारखी त्याच्याकडं बघत होता. धाकट्याचा डावा हात अजून डोक्याच्या वर होता. बाई आत आली, बसली, अर्धी वही भरली, तरी तो हात जागचा हलला नव्हता. कोपर थरथरत नव्हतं.

"अकरा वर्षांत त्याला हरवू शकेल असा एकही नव्हता?" बाईनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे पारख्याला फोन आल्या दिवसापासून माहीत होतं. उत्तरही त्यानं घोकून ठेवलं होतं. नाही, एकही नाही. त्यानं ओठ ओले केले, हातातली कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"होता एक."

"या यादीत?"

"यादीत कसा असेल? तो बघा, तुमच्या मागं आरसा धरून उभा आहे."

"दादा, काहीतरीच," धाकटा म्हणाला.

"त्याचा डावा हात कधीच खाली येत नव्हता, बाई. चौथ्या फेरीत नाही, आठव्या फेरीत नाही. तो खाली येतो, असं मीच त्याला सांगितलं. आठवडाभर सांगितलं, मग महिनाभर सांगितलं. सरावाला एक माणूस दिला, त्यालाही तेच बोलायला लावलं. शेवटी एक दिवस हा स्वतःच घरी येऊन म्हणाला, दादा, आज पुन्हा हात खाली आला बघ. त्या दिवशी माझं काम झालं."

बाईनं फोन हळूच त्याच्या दिशेला सरकवला.

"चॅम्पियननं सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीही सांगितलं नव्हतं. चॅम्पियनला तर लढायचं होतं. मला विचारायचा, तुझ्या भावात काय कमी आहे? मी म्हणायचो, कच्चा आहे अजून." पारख्यानं धाकट्याकडं बोट केलं. "यानं त्याला सहाव्या फेरीत झोपवला असता. आणि चॅम्पियन झोपला, की पारख्याला कोण विचारतो?"

बाहेर कुणीतरी हातगाडी खडखडत नेली.

"बाई, हे लिहू नका," धाकटा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट पाहुण्यासमोर घरच्या म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं, तशी घाई होती. "वय झालंय त्याचं. हल्ली मला काहीतरी द्यावं असं त्याच्या मनात येतं. परवा हातातलं घड्याळ काढून देत होता. आज हे देतोय."

"मी खरं बोलतोय."

"हो रे, खरं बोलतोयस. चहा सांगू का?"

"अरे, तुझा हात बघ. बाई आल्यापासून वर आहे."

"आरसा उलटून मारत नाही, दादा."

बाईला हसू आलं. तिनं ते आवरलं आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"मग मी नक्की काय लिहू?"

"लिहा," धाकटा म्हणाला, "की पारख्याची नजर अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही. घरातल्या माणसाच्या बाबतीतसुद्धा नाही."

आणखी तीन-चार नावांबद्दल विचारून बाई उठली. पाचच्या बसनं तिला परत जायचं होतं. जाताना तिनं पारख्याला वाकून नमस्कार केला. नमस्कार त्याला दिसला की नाही कोण जाणे, त्यानं आशीर्वादाला हात वर केला नाही.

धाकट्यानं तळहात आरशावरून अलगद सोडवला. आरसा जागेवर राहिला. काचेवर पाच बोटांचा ठसा उमटला होता. त्यावर पाणी शिंपडून तो कागदानं पुसायला लागला. ठसा गेला तरी पुसत राहिला. पाठ पारख्याकडं होती.

"आईला माहीत होतं?"

पारखी दचकला. धाकट्यानं वळून पाहिलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. मघाशी हसत होता तो माणूस हा नव्हता.

आई दर आठवड्याला विचारायची. ताट पुढं सरकवताना विचारायची, दाराची कडी लावताना विचारायची. धाकट्याची पाळी कधी लावतोस? त्या लढतीसाठी तिनं निळ्या कापडाचा झगा शिवला होता, रिंगमध्ये चढताना अंगावर घ्यायचा, आतून अस्तर लावलेला. धाकट्याला कळू नये म्हणून त्याचा जुना सदरा घेऊन माप काढलं होतं. ती गेली तेव्हा झगा ट्रंकेच्या तळाशी होता. ट्रंक पारख्यानं उघडली होती, आणि झगाही त्यानंच कुणालातरी देऊन टाकला होता.

"दादा, मी विचारतोय."

समोरच्याला कुठं लागतं आणि कुठं लागत नाही, हे पारख्याला आयुष्यभर एका नजरेत कळत आलं होतं. आताही कळलं.

"तिनंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या डोक्याला मार नको म्हणाली. तुझ्या गळ्याची शपथ घातली तिनं मला."

धाकटा वळला. लढत ठरली असं सांगायला पारखी एखाद्याच्या दारात उभा राहायचा, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तोच आता धाकट्याच्या चेहऱ्यावर पसरत होता.

"मग असं सरळ सांग ना. मघाशी काय ते, मला कोण विचारतो आणि काय." त्यानं कोपरानं डोळे पुसले. "तिचा शब्द पाळलास, आणि इतकी वर्षं एकटाच घेऊन बसलास."

पारख्यानं मान हलवली.

"म्हणजे हात खाली येत नव्हता?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

धाकटा दुकानाच्या मधोमध उभा राहिला. मग त्यानं कमरेचं फडकं सोडून टेबलावर टाकलं.

"बाई थांब्यावरच असतील अजून. हे आईसकट आलं पाहिजे पुस्तकात. तू बस, मी आलोच."

पारखी स्टुलावरून अर्धा उठला. थांबा काही लांब नव्हता, हाक पोचली असती. दारातून त्याला सबंध रस्ता दिसत होता. एकसष्ट वर्षांचा धाकटा माणसांमधून, हातगाड्यांमधून वाट काढत पळत होता, आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.