पाच बोटांची चिमूट

लेकीने वजनकाट्यावर कागदाचा चौकोन ठेवला, काटा शून्यावर आणला आणि वरून मिठाची एक चिमूट सोडली. दोन ग्रॅमला थोडं कमी. कागद झटकून पुन्हा सोडली. दोनला थोडं जास्त. औषधांच्या दुकानात पंधरा वर्षं पुड्या बांधलेला हात होता तो, मापात चुकणारा नव्हता. चुकत होतं ते सूप.

कपाटाच्या दाराला आतून बाबांचं अक्षर होतं, सुतारकामाच्या जाड पेन्सिलीचं. गाजर, कोबी, बटाटा शिजवून घोटणे. लसूण तेलात लाल करून वर ओतणे. गॅस बंद केल्यावर पाल्याचं मीठ, तीन चिमूट, पाच बोटांची. खाली एक रेघ, फळी कापायच्या आधी मारावी तशी सरळ.

नदीच्या अलीकडे या सुपात मिरपूड घालतात. पलीकडे, आईच्या माहेरी, सेलरीचा पाला सावलीत वाळवून जाड्या मिठाबरोबर कुटतात आणि ते मीठ अगदी शेवटी घालतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी मिरपूड खाऊन खाऊन आई रडकुंडीला आली, तेव्हा बाबा पूल ओलांडून गेले आणि सासूबाईंच्या शेजारी उभं राहून ते सूप शिकून आले. जन्मभरात त्यांना तेवढा एकच पदार्थ आला. आणि तो केल्यावर ओट्याकडे बघवायचं नाही, ते आवरायचं काम आईचं.

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. चहात बुडवलेला पाव, तोही अर्धा, की ताट सरकवलंच. सोमवारपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आज शुक्रवार. काय खावंसं वाटतं, असं कितीदा विचारलं तरी आईचं एकच उत्तर यायचं, "ह्यांचं सूप." आणि केलं की एक चमचा तोंडात घेऊन ती वाटी खाली ठेवायची. चिडायची नाही. नुसती खाली ठेवायची.

"मीठ तोलतेस?" काकांनी दारातूनच विचारलं. बाबांच्या पाठचे हे एकच भाऊ. रोज दुपारी वहिनींपाशी तासभर बसायला यायचे. "पुड्या बांधून देणार आहेस का वहिनींना? जेवणानंतर एकेक, गरम पाण्यातून?"

"हसू नका काका. बाबांनी तीन लिहिलंय. तीन घातल्या की जिभेवर ठेववत नाही. काल एकच घातली तर आई म्हणाली, पाणी आहे."

"बघू तुझी चिमूट."

तिने बरणीत हात घातला आणि पाचही बोटं मिटून वर काढली.

"ही चिमूट? ही तर मूठ झाली, पोरी. दादाची कुठे एवढी भरायची? त्याला तर..."

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी आपला उजवा अंगठा पेराशी दुमडला आणि तसाच तिच्यापुढे धरून ठेवला.

लेक त्या अंगठ्याकडे बघत राहिली. करवतीने बाबांच्या अंगठ्याचं वरचं पेर नेलं, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. त्याच आखूड अंगठ्याने त्यांनी तिच्या वेण्या घातल्या, तापल्या कपाळावर तोच टेकवला, तिच्या प्रगतिपुस्तकावर त्याच्याच आधाराने सह्या केल्या. तिच्या लेखी बाबांचा अंगठा तेवढाच होता. त्यात काही कमी आहे, असं तिला कधी दिसलंच नव्हतं. उभा जन्म तोलण्यात गेलेल्या तिला.

तिने काटा बाजूला सारला. अंगठा आत दुमडून बरणीत हात घातला. कडेने दाणे गळत राहिले, पाल्याचा चुरा ओट्यावर सांडला. बोटांत उरलं ते तिने सुपात सोडलं. असं तीनदा.

आई खिडकीपाशी बसली होती. तिने पहिला चमचा तोंडात घेतला आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही गं. काका आहेत."

आई वाटीत बघू लागली. मग खायला लागली ती घाईने, चमचा वाजवत, कोणी ओढून नेईल अशी. तळ खरवडला. काका उगाच नळ सोडून धुतलेला पेला पुन्हा धुवायला लागले. लेकीला वाटलं, सोमवार टळला. एवढं साधं होतं तर.

तिने वाटी घ्यायला हात पुढे केला. आईने वाटी सोडली नाही. दोन्ही हातांनी मांडीत धरून ठेवली.

"अजून देऊ?"

"नको." आई म्हणाली, "उद्या असं नको करूस."

"काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही, म्हणून तर म्हणते." आईचं बोट वाटीच्या काठावरून फिरत राहिलं. "हे खाल्लं की वाटतं, ते आत आहेत. आत्ता हात पुसत बाहेर येतील, म्हणतील, कसं झालंय? मी आपली दाराकडे बघत बसते. आणि येतेस तू."

लेकीचा अंगठा अजून दुमडलेलाच होता. आईने तो पाहिला, हातात घेतला आणि लहान मुलाची मूठ उघडावी तसा हलकेच सरळ केला.

"तुझ्याच हाताने कर," ती म्हणाली. "होईल तसं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी काटा वरच्या फळीवर गेला. लेकीने गॅस बंद केला, बरणीत पाचही बोटं घातली आणि भरभरून तीन चिमटी सोडल्या. वाटी आईपुढे ठेवली आणि ती दारातच थांबली.

आईने चमचा तोंडात घेतला. तोंड वाकडं केलं. पाण्याचा घोट घेतला.

"खारट झालंय," ती म्हणाली. "पाव आण जरा. दोन तुकडे आण. आणि तूही बस."